गळकं छप्पर, चार चाकांवरचं

मे महिन्यात पुणेकरांच्या गप्पांचे दोन विषय ठरलेले असतात. हापूस कितीला डझन आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालं का? आमच्या घरी तिसराही एक विषय असतो. गाडी गळते का?

गाडी म्हणजे आमची मोटरहोम. हो, बरोबर वाचलंत! आत पलंग, छोटा ओटा, फ्रिज आणि टॉयलेट असलेली गाडी. हे सांगितलं की माझ्या आयटीवाल्या मित्रमैत्रिणींचे डोळे चमकतात. त्यांना लगेच लडाख, गोवा आणि इन्स्टाग्रामवरचे फोटो दिसायला लागतात. मला मात्र आईची पाठ दिसते.

आईच्या मणक्याचं दुखणं जुनं आहे. पाऊण तासाच्या वर ती सलग बसू शकत नाही, आडवं व्हावंच लागतं. आणि तिचं माहेर गुहागर तालुक्यात. पुण्याहून सातारा, उंब्रज, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण आणि मग कुठे घर. थांबत थांबत गेलं की सात-आठ तास सहज. दोन वर्षं ती कारच्या मागच्या सीटवर पाय दुमडून, झोपून गेली. तिसऱ्या वर्षी गेलीच नाही. गौरी-गणपतीला माहेरी न गेलेली कोकणातली बाई कशी दिसते, हे ज्यांच्या घरी अशी आई आहे त्यांना वेगळं सांगायला नको. त्या पाच दिवसांत तिने मोदक केले नाहीत, टीव्ही लावला नाही आणि तक्रारही केली नाही. तक्रार केली असती तर बरं झालं असतं!

बाबा तेव्हा नुकतेच रिटायर झाले होते. आयुष्य भोसरीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये गेलेलं. मिळालेल्या पैशांतला मोठा तुकडा काढून त्यांनी २०१३ चं मॉडेल असलेली एक मिनीबस घेतली, बॉडी बांधणाऱ्या एका शेडमध्ये नेऊन तिचं घर करून घेतलं आणि आरटीओचे सोपस्कारही चिकाटीने पूर्ण केले. पलंग पूर्ण लांबीचा आणि त्याला धरून ठेवणारे दोन पट्टे. आईने पलंगावर पडून पाहिलं आणि म्हणाली, "अहो, हे तर स्लीपर कोचपेक्षा बरंय!" आमच्या घरात याहून मोठं सर्टिफिकेट नसतं.

मोटरहोम म्हटलं की आपल्याला हॉलिवूडचे सिनेमे आठवतात. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या विनेबागो कंपनीने १९६६ मध्ये आपली पहिली मोटरहोम बनवली आणि मग तिकडे या गाड्यांचं पेवच फुटलं. पण या विषयात पुणंही अगदीच उपरं नाही. आकुर्डीच्या बजाज टेम्पो कंपनीने १९८७ मध्ये ट्रॅव्हलर ही गाडी आणली, ती मर्सिडीजच्या टी-वन व्हॅनवर बेतलेली होती. युरोपात त्याच व्हॅनवर लोकांनी कितीतरी मोटरहोम बांधल्या. पुढे २००५ मध्ये बजाज टेम्पोची फोर्स मोटर्स झाली, पण लोकांच्या तोंडी 'टेम्पो ट्रॅव्हलर' राहिलं ते राहिलंच. २०२१ मध्ये तर महाराष्ट्र सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणही मंजूर केलं. म्हणजे बाबांचं डोकं काळाच्या बरोबरच चाललं होतं म्हणायचं.

आता मूळ मुद्दा. दिवे!

बॉडी बांधणाऱ्याने हौसेने गाडीच्या कपाळावर पाच नारिंगी दिवे लावून दिले होते. दोन कोपऱ्यांना एकेक आणि मधोमध तिघांचा घोळका. ही निव्वळ सजावट नाही बरं का. अमेरिकेत १९६८ पासून रुंद गाड्यांना असे दिवे सक्तीचे आहेत. कोपऱ्यातले दोन दिवे अंधारात गाडीची रुंदी सांगतात आणि मधले तीन सांगतात की समोरून येतंय ते धूड मोठं आहे, जपून! कल्पना झकासच. पण दिवा लावायचा म्हणजे वायर आत न्यायला छताला भोक पाडायचं. पाच दिवे, पाच भोकं. शिवाय प्रत्येक दिव्याला दोन स्क्रू, म्हणजे आणखी दहा. जगभरात जुन्या मोटरहोम गळायला लागल्या की जाणकार जिथे आधी बोट ठेवतात, त्यांत हे दिवे असतातच असतात. आमच्या मूळ मिनीबसचा पत्रा ठणठणीत होता. रोग नंतर पाडलेल्या भोकांत होता.

२०२४ च्या जुलैत आम्ही साताऱ्याला एका लग्नाला निघालो होतो. मुसळधार पाऊस. खंबाटकी चढताना आईने हाक मारली, "अगं, माझ्या कानात पाणी पडतंय!" मी मागे जाऊन पाहिलं. छताच्या आतल्या प्लायवर एक तपकिरी डाग आणि त्याच्या टोकाला लोंबणारा थेंब. बरोब्बर उशीच्या वर.

पुढचे पंधरा दिवस बाबा आणि सिलिकॉनची नळी असा सामना रंगला. टूलरूमचा माणूस, त्यात आत्मविश्वास दांडगा. पलंगाच्या बरोब्बर वर छतावर जे जे दिसलं, त्या सगळ्याला त्यांनी सिलिकॉन फासलं. मग संशय दिव्यांवर गेला, तर पाचही दिव्यांना चहूबाजूंनी जाड पांढरी बॉर्डर. एक नळी संपली, दुसरी संपली, तिसरी उघडली. आणि गळती? वाढली! आता एका थेंबाऐवजी पाठोपाठ थेंब. गादीला कुबट वास येऊ लागला. प्लायवर काळी बुरशी दिसली.

त्याच महिन्यात, २५ जुलैला, सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लोकांच्या घरांत पाणी शिरलं. त्यांच्यापुढे आमची उशी म्हणजे काहीच नाही, हे कळत होतं. पण ७ सप्टेंबरला गणेश चतुर्थी होती. आणि आईने जाहीर केलं, "विकून टाका ती गाडी. मी काही येत नाही या वर्षी."

ती वैतागून बोलली असती तर मी मनावर घेतलं नसतं. पण ती अगदी शांतपणे बोलली. माहेरी तिचा दादा, म्हणजे माझा मामा, अठ्ठ्याहत्तरचा. त्याची मुलं मुंबईत. घरचा गणपती आणखी किती वर्षं त्या माजघरात बसेल, हे कुणीच मोठ्याने विचारत नाही. बाबांनी आयुष्यभराच्या कमाईतून जी गोष्ट केली, ती तीन नळ्या सिलिकॉननंतर मोडीत निघायला आली होती. जेवताना दोघंही एकमेकांशी बोलेनात. फ्रीलान्सर म्हणजे घरातला बिनपगारी, फुल टाइम उपलब्ध माणूस! त्यामुळे हे प्रकरण माझ्या गळ्यात पडलं. (गळ्यात, गळती... असो.)

पहिला प्रयोग पाइपचा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी उभी केली, वॉचमनकाकांनी नळ सोडला, मी आत टॉर्च घेऊन बसले. अर्धा तास पाणी मारलं. आत एक थेंब नाही! बाबा म्हणाले, "बघ, गळत नाहीये." आई म्हणाली, "मग माझ्या कानात काय गंगाजल पडलं?"

इथे शाळेतलं फिजिक्स कामी आलं. उभ्या गाडीवर पाणी वरून खाली वाहतं. पण ताशी ८० किलोमीटरने धावणाऱ्या गाडीच्या कपाळावर वारा साधारण ३०० पास्कलचा दाब देतो. आकडा किरकोळ वाटतो, पण हा दाब पाण्याला सुमारे तीन सेंटिमीटर वर चढवू शकतो. म्हणजे हायवेवर पावसाचं पाणी दिव्याच्या कडेवरून नुसतं ओघळत नाही, तर केसाएवढ्या फटीतून आत ढकललं जातं. पार्किंगमधल्या पाइपला ते जमणार नाही.

मग उलटं करायचं. पाणी बाहेरून आत ढकलता येत नसेल, तर हवा आतून बाहेर ढकलायची. ओळखीच्या कार वॉशवाल्याकडून मोठा ब्लोअर आणला. एका खिडकीत पुठ्ठा लावून त्याचं तोंड आत बसवलं. बाकीच्या खिडक्या बंद, छताचा व्हेंट आणि सिंकचं भोक टेपने बंद. ब्लोअर सुरू केला आणि मी शिडीवर चढले. बाबांचं वय चौसष्ट, बीपीच्या गोळ्या चालू, त्यामुळे त्यांच्याकडे शिडी धरण्याचं काम. बादलीत भांड्यांच्या साबणाचं पाणी, हातात ब्रश. एकेका दिव्याला साबण फासत गेले. पहिला दिवा... काही नाही. दुसरा... काही नाही. मधला, तिसरा. वरच्या कडेला बुडबुड्यांची माळ फुटली! लहान मुलं खेळतात तशी. खाली पार्किंगमधल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

म्हणजे चोर गाडीच्या पुढच्या टोकाला आणि चोरीचा माल मागच्या पलंगावर. मध्ये तीन मीटरचं अंतर! त्याचं उत्तर वायरमध्ये होतं. दिव्यांची वायर छत आणि आतल्या प्लायच्या मधून मागपर्यंत गेलेली होती. घाट चढताना गाडीचं नाक वर होतं, पाणी वायर धरून मागे सरकतं आणि जिथे प्लायला जोड आहे तिथे ठिबकतं. तिथेच नेमकी आईची उशी.

पण एक कोडं उरलं होतं. एवढं सिलिकॉन लावूनही गळती वाढली कशी? ते सोडवलं आईने. पार्किंगमध्ये खुर्ची टाकून पंधरा मिनिटं बसली होती, तेवढ्यात.

"कौलाला कधी डिंक लावलेला पाहिलायस का तू?" तिने मला विचारलं.

"नाही."

"मग? कौलं एकावर एक ठेवतात. वरच्याचं पाणी खालच्यावर, खालच्याचं पन्हळीत. खालून मोकळंच असतं सगळं. यांनी त्या दिव्याला खालूनसुद्धा बंद करून टाकलंय. आत गेलेलं पाणी बाहेर कुठून येणार?"

बाबा दिव्याकडे बघत राहिले. मग फक्त म्हणाले, "पाना दे."

तिसरा दिवा उघडला. काच आणि बूड यांच्या मध्ये चमचाभर पाणी साचलेलं. वर सिलिकॉन सुटलेलं, खाली घट्ट. पाण्याला जायला एकच वाट उरली होती, वायरच्या भोकातून घरात! वर सिलिकॉन सुटलं यातही नवल नाही. दिव्याचं प्लॅस्टिक उन्हात पत्र्याच्या पाच-सहा पट पसरतं आणि रात्री आक्रसतं. त्यात गाडीचे हादरे. शिवाय जुन्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉन धड चिकटतच नाही. ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो ते साधं सिलिकॉन तर वाळताना ॲसिड सोडतं आणि पत्र्याला गंज चढवतं. आमच्या स्क्रूंची टोकं लाल झालेली आणि वायरचं तांबं हिरवं.

मग खरेदी. नाना पेठेत गाडीच्या सामानाची दुकानं पालथी घातली, बोहरी आळीत स्टीलचे स्क्रू घेतले. जुने बल्बवाले दिवे काढून एलईडीचे पाच सीलबंद दिवे आणले. त्यांत आतला भाग पूर्ण बंद असतो आणि मागून फक्त वायर निघते. दोन दिवस तर फक्त जुनं सिलिकॉन खरवडण्यात गेले. प्लॅस्टिकची पट्टी, मग स्पिरिट, पुन्हा पट्टी. हातांना फोड. एका बिझनेस मासिकाची डेडलाइन मी शिडीच्या पायरीवर बसून, फोनवर टाइप करून गाठली.

छताची आतली प्लाय उघडून चार दिवस पंखा लावून वाळवली. जो भाग बोटाने दाबला तर बिस्किटासारखा खचत होता, तो कापून नवा बसवला. ओल आत ठेवून वरून बंद करणं म्हणजे बुरशीला भाड्याने खोली देणं.

मग दिवे बसवले. प्रत्येक वायरच्या भोकात रबरी बुश, वायरच्या जोडाला उष्णतेने आक्रसणारी नळी. वायरला भोकाच्या अलीकडे खाली लोंबणारा एक छोटा वेढा, म्हणजे पाणी आलंच तर वेढ्याच्या तळाशी गळून पडेल, आत जाणार नाही. दिव्याच्या बुडाखाली ब्युटाइलची टेप. ही च्युइंगगमसारखी असते, कधी कडक होत नाही, प्लॅस्टिक पसरलं तर तीही ताणली जाते. स्क्रूच्या भोकातही तिचाच गोळा. स्क्रू एकदम करकचून आवळायचे नाहीत. थोडे आवळायचे, दोन दिवसांनी बाहेर आलेली टेप कापायची आणि पुन्हा थोडे आवळायचे. शेवटी बाहेरून पॉलियुरेथेन सीलंटची बारीक रेघ. वर आणि दोन्ही बाजूंना. खाली नाही! खालची कड मोकळी. बाबांनी पाचही वेळा खालची कड मोकळी ठेवताना आईकडे पाहिलं. आईने पाचही वेळा मान डोलावली. त्या रात्री जेवताना दोघं बोलत होते. विषय सीलंट, पण बोलत होते!

चतुर्थीच्या दोन दिवस आधी निघालो. पुण्यात वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो, तर महाबळेश्वरला साडेपाच हजारांच्या वर. आमचा रस्ता त्याच सह्याद्रीच्या रांगेतून जाणारा. पाटण सोडलं आणि वायपर पुरेनात. कुंभार्ली घाटाच्या माथ्यावर धुकं आणि पाऊस यांतला फरकच कळेना. मी आईशेजारी बसले होते. तिने उशीवर टॉवेल पसरला होता, खबरदारी म्हणून. अधूनमधून हात वर करून ती छताला बोटं लावून बघायची आणि बोटं एकमेकांवर घासायची. चिपळूणच्या अलीकडे तिने टॉवेलची घडी केली आणि पिशवीत टाकली. एवढंच. पुढे बसलेल्या बाबांनी आरशातून ते पाहिलं आणि उगाचच हॉर्न वाजवला.

मामाच्या घरी माजघरात गणपती बसला. पाठीला तक्क्या लावून, आडवी होत, उठत आईने गौरी जेवू घातल्या. मामाला मी दिव्यांची सगळी कथा सांगितली. त्याला त्यात कौतुक काहीच वाटलं नाही. तो म्हणाला, "मग आता दर वर्षी बघणार ना?" त्याच्या घराला मंगळुरी कौलं आहेत. १८६५ मध्ये मंगळुरात बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला, तेव्हापासून ही कौलं किनाऱ्यावर घराघरांत पोहोचली. इतकं टिकाऊ छप्पर, तरी दर वर्षी मृगाच्या आधी ते शाकारायचं, म्हणजे फुटलेली कौलं बदलायची, सरकलेली नीट करायची, पन्हळीतला पाला काढायचा. एकदा दुरुस्त केलं आणि विसरून गेलो, असं छप्पर मामाला माहीतच नाही.

आपल्या पिढीला मात्र सगळं वन टाइम हवं असतं. एकदा पैसे भरा, दहा वर्षांची गॅरंटी घ्या. मीही त्यातलीच. पण मामाचं ऐकून फोनमध्ये रिमाइंडर टाकला, दर वर्षी १५ मे. नाव दिलं 'शाकारणी'.

तुमच्याकडे मोटरहोम नसेल कदाचित. पण बाल्कनीत बाहेरच्या भिंतीवर दिवा असेल, एसीच्या पाइपचं भोक असेल, सोसायटीच्या गेटवर लॅम्प असेल. पाऊस सुरू होण्याआधी एकदा शिडीवर चढून बघा (खाली कुणीतरी धरायला हवं!). आधी मेन स्विच बंद करा. दिव्याच्या वरची आणि बाजूची फट बंद आहे का, आणि खालची मोकळी आहे का, ते पाहा. इलेक्ट्रिशियनने कौतुकाने चहूबाजूंनी सिलिकॉन फासलं असेल, तर खालचं काढून टाका. आणि आत डाग दिसला तर बरोब्बर त्याच्या वर भोक शोधत बसू नका. वायर कुठून येते ते शोधा.

२०२५ च्या १५ मेला रिमाइंडर वाजला. बाबा शिडी घेऊन आले, मी वर चढले. चौथ्या दिव्याचा एक स्क्रू किंचित ढिला, पाचव्याच्या वरच्या रेघेला नखाएवढी चीर. अर्ध्या तासाचं काम. त्या वर्षी मोसमी पाऊस थांबलाच नाही कुणासाठी, २६ मेलाच पुण्यात येऊन धडकला. अर्ध्या पुण्याचं वॉटरप्रूफिंग व्हायचं होतं. रात्री जोर वाढला तसे बाबा टॉर्च घेऊन पार्किंगमध्ये गेले. बराच वेळ आले नाहीत. मी खाली जाऊन पाहिलं, तर ते आईच्या पलंगावर आडवे होऊन छताकडे बघत पडले होते.

"कोरडं आहे," ते म्हणाले. "आईला सांग, या वर्षी पाच दिवस आधी निघू."